आजी परवापर्यंत ठीक होत्या, हे कोण सांगणार?

गेल्या वर्षी गणपती आटोपून चाकरमानी मुंबईला परतले आणि आठवडाभरातच हेदवीहून ७६ वर्षांच्या एका आजींना आमच्या रुग्णालयात आणले. घरी त्या एकट्याच राहतात. दोन दिवस त्या काहीबाही बडबडत होत्या. रात्री अंगणात जाऊन दिवंगत यजमानांना हाका मारायच्या आणि दिवसा गुंगीत पडून असायच्या. मुलाला फोन लावला. "वय झालंय डॉक्टर तिचं. गणपतीतसुद्धा एकच गोष्ट दोन-दोनदा विचारत होती," तो म्हणाला.

सोबत आलेल्या शेजारीणबाईंना हे पटेना. "अहो, सोमवारी काकूंनी मला सुपारीचा हिशोब दिला. दहा रुपये जास्त गेले होते, ते मागून घेतले. चार दिवसांत माणूस असा म्हातारा होतो का?"

निदान त्या वाक्यात होते. आजींच्या रक्तातले सोडियम ११८ निघाले; ते १३५ ते १४५ असायला हवे. दोन दिवस जुलाब झाले होते आणि रक्तदाबाच्या गोळीत लघवी वाढवणारे औषध होते, त्यामुळे ते घसरले. बडबड थांबावी म्हणून कुणीतरी झोपेची गोळीही दिली होती. तिने गोंधळ आणखी वाढवला.

तापात 'वात झाला' असे आपल्याकडे म्हणतात, तो हा प्रकार. वैद्यकीय नाव डिलिरियम. स्मृतिभ्रंश, म्हणजे डिमेन्शिया, महिन्या-वर्षांनी हळूहळू वाढतो. डिलिरियम काही तासांत किंवा दोन-चार दिवसांत येतो. सकाळी माणूस नीट बोलतो, संध्याकाळी घरच्यांना ओळखत नाही. मुख्य बिघाड लक्ष टिकण्यात असतो. आठवड्याचे वार उलटे म्हणायला सांगा. स्मृतिभ्रंशाच्या सुरुवातीला बऱ्याच जणांना ते जमते. डिलिरियममध्ये शनिवार-शुक्रवारनंतर गाडी भलतीकडेच जाते. सगळेच आरडाओरडा करतात असेही नाही. काही जण नुसते गप्प पडून राहतात. घरचे म्हणतात, आता शांत झोप लागते. हा प्रकार सर्वांत जास्त निसटतो, आणि आम्हा डॉक्टरांच्या हातूनही निसटतो.

कारण बहुधा मेंदूच्या बाहेर असते. लघवीतला जंतुसंसर्ग, तुंबलेली लघवी, न्यूमोनिया, उतरलेली साखर, खुब्याच्या हाडाचे ऑपरेशन, सर्दीची गुंगी आणणारी गोळी, अचानक बंद केलेली दारू. कोकणात पावसाळ्यात लेप्टो आणि स्क्रब टायफसही लक्षात ठेवावा लागतो. कारण सापडले तर बरेचसे रुग्ण सावरतात. दुर्लक्ष झाले तर जिवावर बेतते. म्हणून हे तातडीचे दुखणे आहे आणि १०८ला फोन करायला ते पुरेसे आहे.

अडचण अशी की, दोन्हींतला फरक ठरवायला काल-परवाचा माणूस ठाऊक असलेला कुणीतरी लागतो. रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या २००१ ते २०११ या काळात सुमारे १६.९७ लाखांवरून १६.१५ लाखांवर आली. दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया, हे प्रमाणही तेच सांगते: कमावती माणसे बाहेर, घर सांभाळायला म्हातारी. देशात साठीपुढच्या सुमारे ७.४ टक्के लोकांना, म्हणजे अंदाजे ८८ लाख जणांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज २०२३मध्ये प्रसिद्ध झाला. त्याबद्दल आता बोलले जाते हे चांगलेच. पण त्या नादात प्रत्येक गोंधळलेल्या म्हाताऱ्यावर तोच शिक्का बसू लागला आहे. पूर्वी 'साठी बुद्धी नाठी' म्हणून सोडून देत, आता इंग्रजी नाव घेऊन सोडतात.

सप्टेंबर २०२४मध्ये केंद्राने सत्तरीपुढच्या सर्वांना, उत्पन्नाची अट न ठेवता, आयुष्मान योजनेत पाच लाखांपर्यंतचे उपचार देण्यास मंजुरी दिली. निर्णय मोलाचा आहे. मात्र कार्ड रुग्णालयाच्या दारात कामाला येते, दारापर्यंत आणायचे कुणी? आशाताईंच्या वहीत एकट्या वृद्धांपुढे दोन ओळी हव्यात, असे मला वाटते: हिशोब स्वतः करतात का आणि शेजारी कोण.

वॉर्डातही महागडे काही लागत नाही. अमेरिकेत सत्तरीपुढच्या ८५२ रुग्णांवरचा अभ्यास १९९९मध्ये प्रसिद्ध झाला. चष्मा आणि कानाचे यंत्र देणे, पाणी पाजणे, चालवणे, रात्री झोपू देणे, आज वार कोणता हे सांगत राहणे, एवढ्यावर डिलिरियमचे प्रमाण १५ टक्क्यांवरून ९.९वर आले. आमच्याकडे हे नातेवाईकच करतात, फक्त त्यांना कुणी तसे सांगत नाही. आजींचा चष्मा घरी राहिला होता. तो दुसऱ्या दिवशी एसटीने आला.

पाचव्या दिवशी आजींनी मुलाला ओळखले आणि रजा टाकून आल्याबद्दल रागावल्या. डिलिरियम असताना स्मरणशक्तीची चाचणी घेण्यात अर्थ नसतो, म्हणून तीन महिन्यांनी बोलावले. तेव्हा सुरुवातीचा स्मृतिभ्रंश निघालाच. मुलाचे म्हणणेही अगदीच खोटे नव्हते. रक्तदाबाची गोळी बदलली आहे, आणि केसपेपरवर मुलाच्या नंबराखाली शेजारीणबाईंचा नंबर लिहून ठेवला आहे.