गाडी परत पाठवायची कोणी?

गेल्या दोन महिन्यांत आमच्याकडे आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांचा विषय स्क्रबर नाही, गॅस इंजिन नाही आणि अनुदानही नाही. विषय आहे फाटकावर उभ्या असलेल्या गाडीचा.

एका पाच टनी बायोगॅस प्रकल्पाचे चालक लिहितात : घंटागाडी सकाळी साडेसातला काट्यावर येते. पावतीवर नोंद 'ओला, वर्गीकृत'. ताडपत्री काढली की वर कोथिंबिरीच्या काड्या, खाली दुधाच्या पिशव्या, डायपर, शहाळी आणि एकदा तर आख्खा मिक्सर. करारात गाडी नाकारायचा हक्क आहे. मात्र नाकारल्याच्या पंचनाम्यावर आरोग्य निरीक्षकांची सही हवी आणि निरीक्षक उगवतात साडेअकराला. तोवर मागच्या गाड्यांचे हॉर्न, मुकादमाचे फोन. शेवटी चालक मुकाट्याने गाडी रिकामी करून घेतो. न घ्यावी तर 'प्रकल्पाने कचरा नाकारला' म्हणून दंड. घ्यावी तर महिनाअखेरीस रिजेक्ट जास्त म्हणून देयकात कपात, युनिट कमी पडली म्हणून दुसरी कपात, आणि रिजेक्ट डेपोवर नेण्याचे भाडेही त्याच्याच खिशातून. लेखी तक्रार केली तर उत्तर आले की, शहरात शंभर टक्के वर्गीकरण होत असल्याचा अहवाल शासनाला सादर झालेला आहे, सबब मिश्र कचरा येण्याचा प्रश्न उद्भवत नाही.

डायजेस्टरला अहवाल वाचता येत नाही, एवढेच आमचे त्यावर म्हणणे. त्याला पिशव्यांचा थर कळतो, तळाला साचलेली माती कळते. दोन वर्षांत निम्मे आकारमान गाळाने खाल्ले की रिटेन्शन टाइमचे गणित कोसळते, आम्ल चढते, गॅस बसतो. आणि मग तोच अधिकारी पाहणीला येऊन 'तंत्रज्ञान फसले' असा शेरा मारून जातो.

हा शेरा नवा नाही. दिल्लीत तिमारपूरला 1987 साली रोज 300 टन कचरा जाळून वीज करणारा प्रकल्प उभा राहिला आणि 21 दिवसांत थांबला. यंत्रसामग्री डेन्मार्कची होती, कचरा दिल्लीचा होता. त्याचा उष्मांक आराखड्यात धरलेल्याच्या जेमतेम निम्मा निघाला. त्यानंतर कितीतरी वर्षे तिमारपूरचे नाव निघाले की बोट भट्टीकडे. कचऱ्याचे नमुने कोणी, कुठून घेतले होते, हे फारसे कोणी विचारले नाही.

उलट इंदूरकडे पाहा. फेब्रुवारी 2022 मध्ये सुरू झालेला तिथला प्रकल्प 550 टन ओल्या कचऱ्यातून 17 टन बायो-सीएनजी काढण्याच्या क्षमतेचा आहे. म्हणजे टनाला सुमारे 31 किलो. आपल्यापैकी किती जणांचा आकडा याच्या आसपास जातो? तिथे महापालिकेला टिपिंग फी द्यावी लागत नाही, प्रकल्पचालकच तिला वर्षाला अडीच कोटी देतो. हे परवडते कारण ओला कचरा दारातच वेगळा होतो आणि गॅसचा मोठा गिऱ्हाईक, शहर बससेवा, आधीच ठरलेला आहे. डायजेस्टरमधले जिवाणू मात्र तुमच्याआमच्यासारखेच.

गिऱ्हाइकाची चिंता आता आपल्याकडेही कमी होणार. शहरी गॅस कंपन्यांना सीएनजी आणि घरगुती पाइप गॅसमध्ये बायोगॅस मिसळणे बंधनकारक होत असून 2025-26 साठीचे 1 टक्क्याचे प्रमाण 2028-29 पासून 5 टक्क्यांवर जायचे आहे. स्लरीलाही खत नियंत्रण आदेशात जागा मिळाली आहे, भले जिल्हा पातळीवर तिचा परवाना काढताना नाकी नऊ येवोत. गॅस खपेल, खतही खपेल. अडलंय ते फाटकावर, साडेसात ते साडेअकराच्या दरम्यान.

आता थोडे आपल्याच मंडळींबद्दल. पैसे वजनावर मिळतात म्हणून मिळेल ते काट्यावर चढवून घेणारे सभासद आपल्यात आहेत. पावसात भिजलेला कचरा त्यांना विशेष प्रिय. निविदा मिळवण्यासाठी निम्म्या दराने बोली लावायची, सहा महिन्यांनी प्लँटला कुलूप ठोकायचे आणि संघटनेच्या सभेत पालिकेच्या नावाने बोटे मोडायची, हाही प्रकार आहे. पीएचची रोजची नोंद नसलेला चालक खुलासा मागायला गेला तर समोरचा अधिकारी त्याला हसेल नाही तर काय?

तेव्हा उद्यापासून फाटकावर एक वही ठेवा. गाडीचा क्रमांक, प्रभाग, वजन, वेळ, हाताने काढलेल्या रिजेक्टचे वेगळे वजन, काट्यासह फोटो. त्याखाली ड्रायव्हरची सही घ्या. निरीक्षकाची वाट पाहू नका. तीन महिन्यांच्या नोंदी आमच्याकडे पाठवा, शहराचे नाव हवे तर झाका. त्या एकत्र करून नगरविकास खात्यापुढे ठेवण्याचे काम हे मासिक करील. आणि पुढची निविदा भरताना दोन अटी पाहा : नाकारण्याचा अधिकार काट्यावरच्या माणसाला आहे का, आणि गॅसची हमी स्वच्छ फीडच्या टनावर मोजली आहे का. नसतील तर निविदापूर्व बैठकीत लेखी हरकत द्या. तरीही बदल झाला नाही तर भरू नका, आणि शेजारच्या चालकालाही फोन करून तेच सांगा.