कॅप्टन फ्रीमननं आधीच सांगितलं होतं

प्रति,
अमेरिकेचे संरक्षणमंत्री आणि सिनेटच्या सशस्त्र सेना समितीचे सदस्य, वॉशिंग्टन



डिसेंबर २००६ मध्ये बगदादच्या हेलिपॅडवर एक कॅप्टन आपणहून सिनेटर ख्रिस डॉड आणि जॉन केरी यांच्यापुढे जाऊन उभा राहिला. इथं सगळा वेडेपणा चाललाय, जे आम्हाला शिकवलेलंच नाही ती कामं आमच्याकडून करून घेतली जाताहेत, अशा अर्थाचं तो बोलला. गणवेशात असं बोलायला छाती लागते. २० जानेवारी २००७ रोजी, ३१ व्या वर्षी, कॅप्टन ब्रायन फ्रीमन करबल्यात मारला गेला.

वेस्ट पॉइंटला शिकलेला हा माणूस रणगाडा दलातली नोकरी संपवून घरी आला होता. नाव तेवढं तुमच्या राखीव यादीत उरलं होतं. त्या यादीतून तुम्ही त्याला उचललंत आणि नागरी कामांवर बसवलंत. घरी दोन लहानगी मुलं. तरी काम त्यानं मन लावून केलं. एका इराकी पोलिसाच्या ११ वर्षांच्या मुलाच्या हृदयाची शस्त्रक्रिया अमेरिकेत व्हावी म्हणून तो व्हिसाच्या मागे लागला होता. मुलगा न्यूयॉर्कला आला, शस्त्रक्रिया झाली. तोवर फ्रीमन गेलेला होता.

२० जानेवारीच्या त्या संध्याकाळी करबल्यात अमेरिकी धाटणीचे गणवेश घातलेले बंदूकधारी गाड्यांचा ताफा घेऊन इराकी चौक्या सहज ओलांडून आले. आतल्या कुणाची तरी फूस असल्याचा संशय तेव्हापासूनच आहे. एक सैनिक जागीच गेला. फ्रीमनसह चौघांना पळवून नेऊन पुढे बाबिल प्रांतात मारलं. तुमच्या लष्करानं मात्र पाचही जण हल्ला परतवताना पडले असं जाहीर केलं. अपहरण झालं होतं हे कबूल करायला जवळजवळ आठवडा गेला, तेही बातम्या फुटू लागल्यावर. शौर्याची गोष्ट सांगितली की पहारा कुणाचा होता हे कुणी विचारत नाही, एवढी सोय त्यात होतीच.

ज्याच्यावर तुम्हीच या हल्ल्याचा ठपका ठेवलात तो कैस अल-खजाली मार्च २००७ मध्ये बसऱ्यात पकडला गेला आणि जानेवारी २०१० मध्ये सुटला. पुढे तो इराकच्या राजकारणात स्थिरावला. त्या सुटकेमागे सोयीची काय गणितं होती, ती तुम्हाला ठाऊक.

तुमच्या मानवंदनेत कधी कसूर नसते. तेव्हा आणखी एखादी स्मृतिशिळा मागण्यासाठी हे पत्र नाही. या देशात कर भरणारा आणि मत देणारा एक मराठी माणूस म्हणून विचारतो: राखीव यादीतल्या माणसाला बोलावणं धाडताना त्याला नेमकं कोणतं काम करायचंय आणि त्याचं प्रशिक्षण किती आठवड्यांचं, हे त्याच कागदावर लिहून द्याल का? आणि आघाडीवरच्या कॅप्टननं धोका सांगितला, तर तो कुणी लिहून घ्यायचा, किती दिवसांत उत्तर द्यायचं, हे ठरवाल का? डॉड यांनी फ्रीमनचे शब्द पुढे जाहीरपणे सांगितले खरे, पण त्यानं फ्रीमन वाचला नाही.

आपला,
एक मतदार