धानाच्या पोत्यांमधला स्टुडिओ

दिवाळी सरली की आपल्या झाडीबोलीच्या मुलखात मंडयांचे, म्हणजे गावोगावच्या जत्रांचे दिवस येतात. भाऊबिजेपासून आज या गावची मंडई, उद्या पलीकडल्या गावची. रात्री चौकात खडी गंमत, नाहीतर दंडार, अशी लोकनाट्यं. माणसं पहाटेपर्यंत बसतात, मोबाइल वर होतात, आणि दुसऱ्या दिवशी व्हॉट्सॲपवर येतो तो भोंग्याचा फाटलेला आवाज आणि शिट्ट्या. शाहिराचा गळा त्यात शोधावा लागतो. ज्या माणसानं उभी हयात गण, गवळण, लावणी गात काढली, त्याचं एवढंच मागे राहावं, हे मला सहन होत नाही.

म्हणून गेले काही महिने मी भेटेल त्याला सांगतोय: गावात एक खोली, एक जुना कॉम्प्युटर आणि दोन बरे माइक जमवा. गाणं घरीच रेकॉर्ड करा. त्यासाठी नागपूर गाठायची गरज नाही.

ऐकणारा पहिला प्रश्न विचारतो, ‘कॉम्प्युटर कोणता घ्यावा?’ खरं तर तो प्रश्न शेवटचा. गाणं नुसतं टिपून ठेवायला कॉम्प्युटरला फारसे कष्ट पडत नाहीत. २४ बिट आणि ४८ किलोहर्ट्झ या चांगल्या दर्जात एका माइकचा आवाज मिनिटाला साडेआठ एमबीच्या आसपास जागा खातो. दोन माइक लावून तासभर गायलं तरी एक जीबी. कार्यालयातून निघालेला जुना आय-फाइव्ह डेस्कटॉप, आठ जीबी रॅम आणि २४० जीबीचा एसएसडी यात हे सहज भागतं. फक्त हार्डडिस्क जुनी फिरती असेल तर ती काढून एसएसडी टाकाच. वेग वाढतो, शिवाय तिची घरघर थांबते.

असे डेस्कटॉप आता सेकंडहँड बाजारात दिसतात, त्यामागे एक कारण आहे. मायक्रोसॉफ्टनं १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नेहमीचा पाठिंबा बंद केला, आणि विंडोज ११ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. त्याआधीची चांगली धडधाकट यंत्रं त्यामुळे बाद ठरताहेत. गाण्याच्या कामाला ती बाद नाहीत. लिनक्स टाका, त्यावर आर्डर किंवा ऑडासिटी चालवा. विंडोजवरच राहायचं असेल तर यंत्र इंटरनेटला न जोडता फक्त रेकॉर्डिंगला ठेवा. रीपर हे सॉफ्टवेअर ६० दिवस वापरून बघता येतं, आणि पुढे घरगुती वापरासाठी त्याचा परवाना ६० डॉलरला मिळतो. चोरीचं सॉफ्टवेअर टाकून देणारे पुष्कळ भेटतील, त्यांना दारातूनच परत पाठवा. कलावंताच्या कामाची सुरुवात दुसऱ्याच्या कामाच्या चोरीनं होऊ नये.

पैसा खरा जातो तो ऑडिओ इंटरफेसमध्ये. माइकचा आवाज आकड्यांत बदलून यूएसबीतून कॉम्प्युटरला देणारी ही लहानशी पेटी. तिला माइकची दोन तोंडं असावीत, एक शाहिराला आणि एक ढोलकीला. माइक मात्र बहुतेक भजन मंडळांकडे आधीच असतो. आहुजाचा डायनॅमिक माइक पेटीत पडलेला असतो, तो चालतो. केबल तेवढी बदलावी लागते. मंडळाच्या केबलच्या टोकाला ॲम्प्लिफायरसाठीची जाडी पिन असते. ती इंटरफेसमध्ये घातली तर आवाज मरतुकडा येतो आणि लोक माइकला नावं ठेवतात. दोन्ही टोकांना एक्सएलआर असलेली केबल लावली की तोच माइक बोलू लागतो. महागडा कंडेन्सर माइक गावात मी सुचवत नाही. त्याला ४८ व्होल्टचा पुरवठा लागतो, हा त्रास नाही; इंटरफेस तो देतो. पण त्याचे कान फार तिखट. शेजारच्या गोठ्यातली घंटासुद्धा तो गाण्यात आणून बसवतो.

आता खोली. इथे आपला मुलूख श्रीमंत आहे. मळणीनंतर ज्या खोलीत धानाची पोती रचतात ना, तिथे एकदा टाळी वाजवून बघा, आणि मग सिमेंटच्या रिकाम्या हॉलमध्ये वाजवा. हॉलमध्ये आवाज भिंतीवर आपटून परत येतो, पोत्यांच्या खोलीत तो जिरतो. तीन भिंतींना पोती, चौथीवर दोरीला टाकलेल्या गोधड्या, खाली सतरंजी. शाहिराची पाठ गोधड्यांकडे, म्हणजे त्याच्या माइकची पाठ समोरच्या पोत्यांकडे येते. ढोलकीवाल्याला तिथे, त्या माइकच्या बरोबर मागे बसवा. असला माइक पाठीमागचं सगळ्यांत कमी ऐकतो, त्यामुळे थाप गळ्यावर चढत नाही. ढोलकीचा माइक हातभर लांब. फार जवळ आणला की नुसता घुमारा भरतो. आवाजाची रेघ उणे १२ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. रंगात आलेला शाहीर तालमीपेक्षा जोरात गातो, त्याला वर जागा ठेवावी लागते.

कॉम्प्युटरच्या पंख्याचा आवाज नको म्हणून डबा बाहेर सपरीत ठेवा. यूएसबीची साधी तार पाच मीटरपर्यंत नीट चालते. कूलर आणि छताचा पंखा अर्थातच बंद. म्हणजे मे महिना बाद, कारण उन्हाळ्यात बंद खोलीत म्हाताऱ्या माणसाला गायला बसवणं पाप आहे. पावसाळ्यात बेडूक आणि रातकिडे. धान घरात आलं की हवाही निवते, तेच दिवस योग्य. वीज गेली तर साध्या इन्व्हर्टरवर रेकॉर्डिंग करू नये, त्याची गुणगुण तारेतून आत शिरते. अर्थिंग नीट नसेल तर ५० हर्ट्झचा घुमता ‘हूं’ प्रत्येक गाण्याखाली बसतो आणि मग निघता निघत नाही. आधी वायरमनला बोलवा, मग शाहिराला.

एक अडचण सगळ्यांना येते. हेडफोनमध्ये आपलाच आवाज उशिरा ऐकू येतो आणि गाणारा चुकतो. कॉम्प्युटर आवाज ज्या तुकड्यांत घेतो तो बफर १०२४चा असेल तर जाताना-येताना मिळून चाळीसेक मिलिसेकंद लागतात, म्हणजे ढोलकी १४ मीटरवर वाजत असल्यासारखी. बफर १२८ करा, किंवा इंटरफेसवरचा डायरेक्ट मॉनिटरचा खटका चालू करा. खरं सांगायचं तर खडी गंमतीला हेडफोन नकोच. हे गाणं एकमेकांच्या डोळ्यांत बघून होतं. एकेकाला वेगळं गाऊन घेऊन जोडायचा शहरी मार्ग इथे गाणं मारतो.

स्वस्तातल्या सामानावर मोठं काम होत नाही, हा समज खोटा आहे. १९८२मध्ये अमेरिकन गायक ब्रूस स्प्रिंगस्टीनचा ‘नेब्रास्का’ हा अल्बम निघाला, तो त्यानं घरातच, कॅसेटवर चार ट्रॅक घेणाऱ्या टॅस्कॅमच्या यंत्रावर गायला होता. पुढे स्टुडिओत पूर्ण बँडसह करून पाहिलं, पण शेवटी घरची कॅसेटच बाहेर आली. आपल्या जुन्या डेस्कटॉपची ताकद त्या यंत्राहून कितीतरी मोठी आहे.

घरी रेकॉर्ड करण्याचा मला सगळ्यांत मोठा वाटणारा फायदा बोलीचा आहे. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांसारख्यांनी झाडीबोलीच्या अभ्यासाला वाहून घेतलं, ती बोली कागदावर आली. तिचा सूर मात्र कागदावर येत नाही. शहरातल्या स्टुडिओत ‘डोरा’ म्हटलं की कोणीतरी काचेपलीकडून ‘डोळा’ म्हणायला लावतो. पोत्यांच्या खोलीत तसं कोणी म्हणणार नाही. रोवणीला बांधीत गाणाऱ्या बायांनाही तिथेच बोलवा. त्या स्टुडिओत यायच्या नाहीत, पण शेजारणीच्या माजघरात येतील.

फाइल वेव्हमध्येच ठेवा आणि तिच्या नावात गाणाऱ्याचं नाव, गाव, तारीख लिहा. एक प्रत दुसऱ्याच्या घरच्या हार्डडिस्कवर जाऊ द्या. यूट्यूबवर टाकायचं की नाही, हे गाणाऱ्याला विचारून ठरवा. पैसे आले तर त्याचा वाटा किती, हेही माइक लावण्याआधीच बोलून घ्या. आणि तो घरी जायला निघेल तेव्हा एमपीथ्रीची एक प्रत त्याच्या पेनड्राइव्हवर टाकून द्या, नातवाच्या स्पीकरवर वाजेल अशी.