पंप घ्यायला जाताना फूटपट्टी न्या



गेली वीस वर्षे मी महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवतो आहे. बॉइलचा नियम मला झोपेतून उठवून विचारलात तरी सांगेन. असे असूनही दोन वर्षांपूर्वी मी माझ्या भाच्याला सायकलचा एक अगदी निरुपयोगी पंप पसंत करून दिला. तो कसा, हे सांगण्यासाठीच हा लेख लिहीत आहे. कारण जी चूक मी केली ती तुमच्यापैकी पुष्कळजण करीत असतील.

भाचा अंधेरीला मरोळजवळ राहतो. तेव्हा तो आठवीत होता. रविवारी सकाळी मित्रांबरोबर आरे वसाहतीतून सायकलने फिरून यायचे, हा त्याचा नेम. बरोबर ठेवायला छोटा पंप हवा, म्हणून आम्ही दोघे दुकानात गेलो. तिथे दोन पंप समोर आले. एक तळहातावर मावेल एवढा. खोक्यावर ठळक अक्षरांत '१२० पीएसआय'. दुसरा जवळजवळ फूटभर लांब आणि जाडजूड. त्यावर '९० पीएसआय'. भाचा म्हणाला, "मामा, हा लहान आहे, हलका आहे आणि शिवाय १२० चा आहे. तो एवढा मोठा असून ९० चाच!" मी मान डोलावली आणि पैसे दिले.

पुढच्याच पावसाळ्यात आरेच्या रस्त्यावर त्याचे मागचे चाक पंक्चर झाले. मुलांनी ट्यूब काढून ठिगळ नीट लावले. मग पंप मारायला सुरुवात केली. दीडशे वेळा दट्ट्या मागेपुढे करून हात भरून आले, तरी टायर बोटाने दाबता येत होते. "चालेल एवढी हवा," असे म्हणून तो निघाला आणि पहिल्याच खड्ड्यात चाक आपटून ट्यूबला शेजारीशेजारी दोन भोके पडली. दुसरे ठिगळ जवळ नव्हते. भर दुपारी सायकल ढकलत तो घरी आला आणि मला म्हणाला, "मामा, पंप तर १२० चा होता ना?"

या प्रश्नाचे उत्तर मला दुकानातच देता आले असते. त्याला फक्त फूटपट्टी आणि शाळेतले गणित पुरले असते.

आधी टायरचा हिशेब करू. भाच्याच्या सायकलचे टायर २६ इंची आणि सुमारे ५ सेंमी. जाडीचे आहे. टायर म्हणजे वाकवून गोल केलेले नळकांडेच. त्याची लांबी सुमारे १९० सेंमी. आणि त्रिज्या २.५ सेंमी. धरली, तर घनफळ ३.१४ × २.५ × २.५ × १९०, म्हणजे सुमारे ३,७०० घन सेंमी. भरते. अशा टायरला ४२-४५ पीएसआय दाब पुरतो. पीएसआय म्हणजे दर चौरस इंचावर इतके पौंड. आपल्या मापात हा दाब दर चौरस सेंमी.ला सुमारे ३ किलोग्रॅम होतो, म्हणजे बाहेरच्या हवेपेक्षा जवळपास ३ वातावरणे जास्त. रॉबर्ट बॉइलने १६६२ साली प्रसिद्ध केलेला नियम सांगतो, की तापमान कायम असेल तर दाब आणि घनफळ यांचा गुणाकार बदलत नाही. तेव्हा ३ वातावरणे जादा दाबासाठी टायरच्या घनफळाच्या निदान तिप्पट, म्हणजे सुमारे ११,१०० घन सेंमी. बाहेरची हवा आत कोंबायला हवी.

आता पंपाचा हिशेब. छोट्या पंपाच्या नळकांड्याचा आतला व्यास २ सेंमी. आणि दट्ट्याची धाव ८ सेंमी. होती. एका फेरीत ३.१४ × ८, म्हणजे सुमारे २५ घन सेंमी. हवा. ११,१०० ला २५ ने भागा: जवळजवळ ४४५ फेऱ्या! मुलांनी दीडशे मारल्या, म्हणजे टायरात जेमतेम १ किलोग्रॅम दाब झाला, गरजेच्या एक-तृतीयांश. उलट त्या मोठ्या पंपाचा व्यास २.५ सेंमी. आणि धाव १८ सेंमी. होती. एका फेरीत ८८ घन सेंमी. हवा, म्हणजे सुमारे १२५ फेऱ्यांत काम झाले असते.

मग छोटा पंप '१२० चा' कसा? तेही खोटे नव्हे. दट्ट्यावर लावावा लागणारा जोर म्हणजे दाब गुणिले दट्ट्याचे क्षेत्रफळ. क्षेत्रफळ लहान, तर जोर कमी. म्हणून बारीक पंपाने जास्त दाब गाठता येतो. ३ किलोग्रॅम दाबाला छोट्या पंपावर सुमारे साडेनऊ किलोग्रॅम जोर लागतो, मोठ्यावर पंधराच्या आसपास. अनेक कप्प्यांच्या जोडणीसारखेच हे आहे: जोर कमी हवा असेल तर दोर जास्त ओढावा लागतो. खोक्यावरचा आकडा फार तर किती दाब गाठता येईल हे सांगतो. किती फेऱ्यांत, हे सांगत नाही. आणि १२० पीएसआयला त्या छोट्या पंपावरही २६ किलोग्रॅम जोर लागतो. एका हाताने पंपाचे तोंड धरून दुसऱ्या हाताने तेवढा जोर लावून पाहा, म्हणजे त्या आकड्याचा तुम्हाला किती उपयोग आहे ते कळेल.

आणखी एक बारकावा. हात दमला की आपण दट्ट्या शेवटपर्यंत दाबत नाही. समजा ८ पैकी शेवटचे २ सेंमी. तसेच सोडले. मग आतली हवा दाबून एक-चतुर्थांश झाली. तिचा एकूण दाब ४ वातावरणे. टायरातही ३ जादा अधिक १ बाहेरचे, असे ४ च वातावरण आहे. दाब सारखा झाला की झडप उघडेलच कशाला? तुम्ही घाम गाळता आणि टायरात जवळजवळ काहीच जात नाही. म्हणून फेऱ्या सावकाश माराव्यात, पण पूर्ण माराव्यात.

दाब कमी राहिल्याने बिघडले काय? मुलगा आणि सायकल मिळून ५५ किलोग्रॅम धरा. त्यातला सुमारे ३३ किलोग्रॅम भार मागच्या चाकावर येतो. टायरात ३ किलोग्रॅम दाब असेल तर तो भार पेलायला जमिनीला टेकलेला सुमारे ११ चौ. सेंमी. भाग पुरतो. दाब १ असेल तर ३३ चौ. सेंमी. लागतो, म्हणजे टायर चांगलेच चपटे होते. मग खड्ड्याच्या कडेला ट्यूब रिममध्ये चिमटली जाते. ती दोन भोके या चिमट्याचीच होती. पावसाळ्यात आपल्या उपनगरांतले रस्ते कसे असतात हे मी सांगायला नको.

माझे मत आता स्पष्टच सांगतो. शाळकरी मुलामुलींच्या जाड टायरांच्या सायकलींसाठी खिशात मावणारा पंप घेऊ नये. नळकांडे जाड, धाव लांब, असा फूटभर लांबीचा पंप घ्यावा. तो सायकलच्या दांडीला अडकवता येतो. शर्यतीच्या सायकलीचे बारीक टायर असेल तर गोष्ट वेगळी. त्यात हवा सुमारे लिटरभरच मावते, पण दाब दुप्पट लागतो. तिथे बारीक पंपच योग्य.

पंपाला आखूड रबरी नळी असावी. पंप थेट झडपेवर बसवला की प्रत्येक झटका झडपेच्या बुडाला बसतो आणि तिथे ट्यूब फाटते. झडपाही तीन तऱ्हेच्या असतात: जुन्या काळ्या सायकलींची रबरी वॉलट्यूबची, मोटारीसारखी जाड आणि शर्यतीच्या सायकलींची बारीक. म्हणून सायकल दुकानात न्या आणि पंप लावूनच पाहा.

काहीजण म्हणतील, "कोपऱ्यावर पंक्चरवाला असताना एवढा खटाटोप कशाला?" पंक्चरवाला आपला मित्र आहे, यात शंका नाही. पण सकाळी सहाला आरेत किंवा बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात कान्हेरीच्या चढावर तो कुठे भेटणार? १९२३ साली मुंबईहून सहा तरुण सायकलवर जग फिरायला निघाले. त्यांतले आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघे १९२८ साली प्रवास पुरा करून परतले. वाटेत त्यांना वाळवंटे ओलांडावी लागली. तिथे कोपराही नव्हता आणि दुकानही नव्हते! हल्ली बॅटरीवर चालणारे छोटे पंपही मिळतात. ते चांगले आहेत, पण महाग असतात आणि ऐन वेळी बॅटरी उतरलेली असू शकते. हाताला चार्जिंग लागत नाही.

शेवटी एक प्रयोग. मागचे टायर ओले करा. खाली आलेखाचा कागद ठेवा आणि चाक त्यावर अलगद टेकवून सायकलवर बसा. मित्राला सायकल धरायला सांगा. कागदावर उमटलेल्या ओल्या ठशाचे चौकोन मोजा. चाकावरच्या भाराला त्या क्षेत्रफळाने भागा, की टायरातला दाब अंदाजाने कळेल. मग टायरच्या बाजूवर छापलेल्या आकड्याशी ताडून पाहा. कमी असेल तर हवा भरा; मात्र छापलेल्या कमाल आकड्याच्या वर जाऊ नका.

भाच्याने आता मोठा पंप घेतला आहे. या वेळी दुकानात तो फूटपट्टी घेऊन गेला आणि मला बाहेर सायकल धरून उभे केले. माझी तक्रार नाही. बॉइलचा नियम उत्तरपत्रिकेत लिहिला की पाच गुण मिळतात. दुकानात वापरला की भर दुपारी सायकल ढकलावी लागत नाही.