चमत्कार नव्हे, चिन्ह

आज नाताळ. आमच्या वैजापूर तालुक्यात घोगरगाव येथे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून ख्रिस्ती मिशनचे ठाणे आहे. त्यामुळे प्रभू येशूंच्या कथा या भागाला परक्या नाहीत. त्यांतही आंधळ्याला दृष्टी, पांगळ्याला पाय आणि कुष्ठरोग्याला निर्मळ काया देणाऱ्या कथा श्रोत्यांच्या मनात अधिक ठसतात. परंतु त्या ऐकून केवळ अचंबा वाटला, तर ऐकणे अपुरेच राहिले असे म्हणावे लागेल.

योहानाच्या शुभवर्तमानात या कृत्यांसाठी जो ग्रीक शब्द योजला आहे, त्याचा अर्थ ‘चिन्ह’ असा होतो. चिन्हापाशी थांबावयाचे नसते. ते जिकडे नेते तिकडे जावयाचे असते. आमच्या पैठणच्या रेड्याची कथाही अशीच आहे. रेडा वेद बोलला, एवढेच घेऊन जो परततो, त्याच्या हाती कथा लागत नाही. संन्याशाची मुले म्हणून वाळीत टाकलेल्या भावंडांमध्ये आणि त्या मुक्या जनावरामध्ये एकच चैतन्य नांदते, हे तिचे सार होय.

कुष्ठरोगी समोर आला, तेव्हा येशूंनी केवळ शब्दाने त्यास बरे केले असते तरी चालले असते. त्यांनी आधी हात लावला. धर्मनियमाने ज्याला वस्तीबाहेर ठेवले होते, त्याचे बहिष्कृतपण रोगाच्याही आधी गेले. मग समाजाने त्यास पुन्हा आपल्यात घ्यावे, म्हणून त्यांनी त्याला याजकाकडे पाठविले आणि या गोष्टीचा गवगवा न करण्याची ताकीद दिली. सामर्थ्याचे प्रदर्शन मांडणारा अशी ताकीद देत नसतो.

जन्मांधाची कथा मात्र मला माझ्याच आसनावरून खाली उतरविते. पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे, असे शिष्यांनी विचारले. येशूंनी दोन्ही नाकारले. कर्मविपाकाचा सिद्धांत मला मान्य आहे; कीर्तनातून तो मी सांगत आलो. पण स्वतःचे दुःख सोसताना त्याचा आधार घेणे निराळे, आणि दुसऱ्याच्या खाटेपाशी उभे राहून ‘हे तुझ्या कर्माचे फळ’ म्हणणे निराळे. पहिल्याने धीर येतो; दुसऱ्याने दुखण्यावर दोषाचे ओझे चढते. तरुणपणी मीही ते चढविले आहे. पक्षाघाती माणसाला येशूंनी प्रथम पापक्षमा दिली, हे खरे; परंतु तेथेही ओझे उतरविलेच गेले, चढविले गेले नाही.

म्हणून औषध थांबवावयास सांगून चमत्काराची हमी देणारा कोणत्याही धर्माचा असो, तो या चिन्हाचा व्यापार करतो. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत रुग्णालय सुरू केले. या कथांवरचे असे भाष्य मला अधिक प्रामाणिक वाटते.

आपल्या हातून जन्मांधाला दृष्टी येणार नाही. पण रुग्णाच्या उशाशी बसताना ‘पाप कोणाचे?’ हा प्रश्न उंबऱ्याबाहेर ठेवून त्याचा हात हाती घेणे आपल्याला अशक्य नाही. नाताळच्या दिवशी एवढा संकल्प हिंदूनेही करावा, ख्रिस्ती बांधवानेही करावा.