रजा मिळाली, उपचार कुठे?

19 फेब्रुवारी 2018 रोजी जयपूरचे गांधीनगर स्थानक संपूर्णपणे महिला कर्मचाऱ्यांच्या हाती सोपवले गेले. मुख्य मार्गावरचे देशातील पहिले महिला स्थानक म्हणून त्याचा गाजावाजा झाला. मुंबईत उपनगरी मार्गावर माटुंग्याने 2017 सालीच हा मान मिळवला होता. आम्हाला दोन्हींचा अभिमान आहे. पण हारतुरे सुकल्यावर प्रशासनाला आमचा प्रश्न आहे : बाळंतपणानंतर ड्युटीवर परतणाऱ्या भगिनीच्या शरीराचे काय?

गरोदरपणाचा भार आणि प्रसूतीचा ताण यांनी ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल पडतात. मग खोकताना, शिंकताना, पार्सल उचलताना लघवी सुटते. कुणाचे अंग बाहेर येते. ‘बाळंतपण म्हटले की हे चालायचेच’ असे घरचे सांगतात आणि बाई कपडा घेऊन खिडकीवर बसते. डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनी 1989 साली गडचिरोलीतील 650 स्त्रियांची पाहणी प्रसिद्ध केली. 92 टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता. त्याआधी तपासणी झालेल्या होत्या अवघ्या 8 टक्के. या गप्प बसण्याची किंमत फार मोठी आहे.

हे चालायचे नाही! बहुतेकींना व्यायामानेच आराम पडतो. लघवी आणि वारा रोखल्यासारखे स्नायू आत ओढायचे, काही सेकंद धरायचे, मग सैल सोडायचे. असे आठ वेळा, दिवसातून तीनदा, किमान तीन महिने. गरोदरपणातच सुरुवात केली तर पुढचा त्रास कमी होतो. पण नीट शिकवायला जाणकार फिजिओथेरपिस्ट हवा. अंग खाली आले असेल तर रिंग बसवता येते. गरज पडल्यास शस्त्रक्रिया. पहिल्याच भेटीत ‘पिशवी काढून टाका’ म्हणणे हा उपचार नव्हे.

180 दिवसांची प्रसूती रजा केंद्रीय कर्मचाऱ्यांना 2008 साली मिळाली, ग्रामीण डाक सेविकांना 2018 साली. रजा संपली की पुन्हा टपालाची थैली, उभी ड्युटी आणि स्वच्छतागृह नाही म्हणून पाणी न पिता काढलेली पाळी! दुखणे बळावणार नाही तर काय?

म्हणून आमच्या मागण्या :
1. प्रसूतीनंतर प्रत्येकीची तपासणी आणि फिजिओथेरपी, तीही ड्युटीच्या वेळेत.
2. डॉक्टरांच्या सल्ल्याने वजन उचलण्यातून सूट, पगारकपात न करता.
3. कामाच्या प्रत्येक ठिकाणी पाणी असलेले स्वच्छतागृह.

पुरुष साथींनो, यार्डात कुणाचा हात चिरडला तर आपण काम टाकून धावतो. या दुखण्यासाठीही धावा. शाखेच्या पुढच्याच सभेत ठराव मांडा!