आधी मेगाब्लॉक बघा, मग अपडेट मारा!

रविवारी घाटकोपरहून दादरला जायचं असेल तर आपण आधी काय बघतो? मेगाब्लॉक! माटुंगा-मुलुंड ब्लॉक असला की फास्ट गाड्या स्लो ट्रॅकवर येतात, हे इथल्या लहान पोरालाही ठाऊक असतं. मग लिनक्स अपडेट करताना ही अक्कल कुठे जाते? सबमिशनच्या आदल्या रात्री जो तो कमांड मारतो आणि चहाला पळतो!

रिलीज नोट्स म्हणजे लिनक्सची मेगाब्लॉकची पाटीच. ९ ऑगस्ट २०२५ रोजी डेबियन १३ आलं. त्याच्या नोट्समध्ये स्पष्ट लिहिलंय की जुन्या ३२ बिट मशीनसाठी आता कर्नेल नाही आणि इन्स्टॉलरही नाही, तिथे अपग्रेड करू नका. शिवाय टेम्प फोल्डर आता डिस्कवर नसून रॅममध्ये असतं. ४ जीबी रॅमवाल्याने तिथे मोठी फाइल टाकली तर मशीन रडणारच. जून २०२५ मध्ये आर्च लिनक्सने फर्मवेअरचं पॅकेज तुकड्यांत विभागलं, तेव्हाही ‘जुनं आधी काढा’ अशी सूचना आधीच दिली होती. वाचणारे सुटले!

माझं मत असं की ही शिस्त मनावर सोडू नये, शेलला सोपवावी. बॅशआरसी फाइलमध्ये चार-पाच ओळींचं फंक्शन लिहा. कर्लने नोट्स आणायच्या, लेसमध्ये उघडायच्या, मग रीडने उत्तर विचारायचं. उत्तर ‘वाय’ नको, कारण ते बोटांच्या सवयीनेच दाबलं जातं. ‘वाचलं’ असा पूर्ण शब्द टाइप केला तरच अपग्रेड सुरू! डेबियनच्या रोजच्या अपडेटसाठी ॲप्ट-लिस्टचेंजेस हे तयार पॅकेज आहेच.

कोणी म्हणेल, निर्णयही फंक्शनलाच घेऊ द्या की! पण उद्या तुमची व्हायव्हा आहे हे शेलला कुठे माहीत असतं?

आता खरी अडचण. मी कॉन्व्हेंटची, मला इंग्रजी नोट्स जड जात नाहीत. पण मराठी माध्यमातून आलेले कितीतरी हुशार दोस्त ती लांबलचक पानं बघूनच ‘वाय’ दाबतात. यात त्यांचा काय दोष? पवईच्या आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने लिनक्सचे धडे मराठीत आणले. मग आपल्याला नव्या आवृत्तीचा अर्ध्या पानाचा मराठी सारांश लॅबच्या नोटीस बोर्डावर लावता येणार नाही? सर, मॅडम, परवानगी द्या. लिहायला मी तयार आहे. अजून कोण येतंय?